तळटीप १२ : मक्याचे दाणे आणि वस्त्राचे रेखाटन

१२. मक्याच्या दाण्यांचे, पिळलेल्या कागदाचे हे नमुने विरंगुळ्याची हस्तकला नव्हेत. ती वस्त्राची रेखाटनेच आहेत. बाउहाउसमध्ये घडलेल्या आणि १९३३ पासून अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवणाऱ्या विणकर अ‍ॅनी अल्बर्स यांनी ‘ऑन वीव्हिंग’ (१९६५) या ग्रंथात असे अभ्यास छापले आहेत. त्यांत मागावर काहीच चढलेले नाही, तरी पोत, उंचसखलपणा आणि सावली यांचा विचार पुरा झालेला दिसतो. रेखाटनाचे काम तरी दुसरे कोणते? यावर आक्षेप असा, की विणकराकडे चौकटींचा आलेख असतोच. खरे आहे, पण ताण्याचा कोणता धागा बाण्याच्या वर येईल, एवढेच तो सांगतो. तो धागा किती उठेल, उजेड कसा धरेल, हाताला कसा लागेल, हे त्यात उतरत नाही. मग थेट छोटा तुकडाच का विणू नये? कारण विणायला बसताच सूत, फणी आणि माग ठरून जातात. दाणे मात्र हलवून पुन्हा मांडता येतात. अर्थात कापड अंगावर कसे पडेल, हे अशी वस्तू सांगत नाही. त्यासाठी विणलेला तुकडा लागतोच. म्हणून ती आलेखाची किंवा तुकड्याची जागा घेत नाही, दोहोंच्या आधी येते.