स्ट्रोक्स गेन्ड

स्ट्रोक्स गेन्ड ही गोल्फपटूच्या प्रत्येक फटक्याचे मूल्य मोजण्याची सांख्यिकीय पद्धत आहे. ती अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी विकसित केली. पीजीए टूरने २०११ मध्ये प्रथम केवळ पुटिंगसाठी तिचा स्वीकार केला. पुढे २०१६ पर्यंत अन्य फटक्यांनाही ती लागू झाली.

जुनी मापके

सर्वांत कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणारा खेळाडू विजयी ठरतो. मात्र ते फटके नेमके कोठे वाचले हे पारंपरिक नोंदींतून कळत नाही. फेरीतील एकूण पुटची संख्या हे सर्वाधिक परिचित आणि बहुधा सर्वाधिक फसवे माप आहे. ग्रीन चुकलेला खेळाडू छोट्या फटक्याने चेंडू होलजवळ आणतो व एका पुटमध्ये होल संपवतो, तेव्हा त्याचे पुटिंग उत्तम भासते. याउलट लांबून थेट ग्रीन गाठणाऱ्यास दोन पुट लागतात आणि तो या मापात मागे पडतो. पारपेक्षा दोन कमी फटक्यांत ग्रीन गाठल्याची नोंद अधिक उपयुक्त असते. तरीही चेंडू होलपासून ८ फुटांवर थांबला की ६० फुटांवर, हा भेद तीत दिसत नाही.

गणना

प्रत्येक अंतरावरून होल पूर्ण करण्यास व्यावसायिक खेळाडूंना लागणारे सरासरी फटके हा या पद्धतीचा पाया आहे. फेअरवेवर १६० यार्डांवरून ही सरासरी २.९८ आहे, त्याच अंतरावर चेंडू रफमध्ये असल्यास ती ३.२३ होते. ग्रीनवर ३३ फुटांवरून २ आणि ८ फुटांवरून १.५ पुट लागतात. फेअरवेवरील १६० यार्डांवरून चेंडू ८ फुटांवर आणणारा खेळाडू २.९८ मधून १.५ आणि मारलेला १ फटका वजा जाता ०.४८ फटका कमावतो. त्यानंतर पुट हुकून दोन लागले, तर त्यातच ०.५ गमावतो.

निर्णायक फटके

ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या २००४ ते २०१२ मधील नोंदी तपासल्या. आघाडीच्या खेळाडूंच्या वरचढपणात ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के, टीवरील फटक्यांचा २८, ग्रीनजवळील छोट्या फटक्यांचा १७ आणि पुटिंगचा केवळ १५ टक्के आढळला. पुटिंगवरच सामने जिंकले जातात या जुन्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. मात्र ही दीर्घकालीन सरासरी आहे. एखाद्या आठवड्यात चित्र उलटेही असू शकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक यांचे टीवरील फटके प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने आखूड होते. प्रामुख्याने पुटिंगच्या बळावर त्यांनी चौथे स्थान मिळवले. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. त्याच ऑलिंपिकच्या पुरुष गटात पुण्याचे उदयन माने खेळले होते.

मैदानाचा प्रभाव

दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर अरुंद फेअरवेच्या दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. तेथे लांबीपेक्षा अचूकतेला महत्त्व येते आणि अनेक खेळाडू टीवर ड्रायव्हर वापरणे टाळतात. गॅरी प्लेयर यांनी आखलेले गुरुग्राममधील डीएलएफचे मैदान लांब व कठीण आहे. फार लांब न मारणाऱ्या एस. एस. पी. चौरसिया यांनी इंडियन ओपन २०१६ मध्ये दिल्लीत आणि २०१७ मध्ये गुरुग्राम येथे, तीही सात फटक्यांनी, जिंकली.

महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना १९२७) आणि येरवड्याचा पूना गोल्फ क्लब ही परिचित नावे आहेत. पावसाळ्यात ओल्या गवतावर चेंडू कमी घरंगळतो, त्यामुळे ग्रीनकडील फटका अधिक अंतरावरून मारावा लागतो. अमेरिकी सरासरी येथे जशीच्या तशी लावल्यास खेळाडूचे टीवरील फटके वास्तवापेक्षा कमकुवत दिसतात. हौशी खेळाडूस मात्र प्रत्येक फटक्यापूर्वीचे अंतर आणि चेंडूची जागा एवढीच नोंद ठेवून स्वतःची गणना करता येते.