बाड आणि मोबाईल

परवा संध्याकाळी हरिपाठ म्हणताना मध्येच अडखळलो. हात आपोआप मोबाईलकडे गेला. आई निरक्षर होती, पण तिला २८ अभंग मुखोद्गत होते. मी बी.ए. झालो, आयुष्यभर मुलांकडून पाठांतर करून घेतले, आणि मलाच पुढची ओळ शोधावी लागली! जरा लाजच वाटली.

मग नरसी आठवली. आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, कयाधूकाठचे हे गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा काळ १२७० ते १३५०. शिखांचा आदिग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला आणि त्यात नामदेवांची ६१ पदे आली. मधली अडीचशे वर्षे ती टिकली कशी? गाणाऱ्यांचे गळे होते आणि हाताने लिहिलेल्या वह्या होत्या.

आपल्याकडे कीर्तनकारांच्या अशा वहीला बाड म्हणत. पण बाडात डोके घालून कीर्तन उभे राहत नाही. बाड आठवण द्यायला. पुढचे सारे स्वतःच्या बळावर. टाळकरी तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात, म्हणून ऐकणाऱ्याच्याही ओठी बसते.

स्मरण चुकत नसे असे मुळीच नाही. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, म्हणून तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तेव्हा लिहून ठेवण्याला माझा विरोध नाही. मोबाईललाही नाही. मोतीबिंदूनंतर मी त्यावरच मोठ्या अक्षरांत वाचतो.

२०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले, की माहिती संगणकात राहणार असे वाटले तर माणसे ती कमी लक्षात ठेवतात. त्यांच्या सगळ्याच प्रयोगांना पुढे दुजोरा मिळाला नाही. पण माझा अनुभव तोच आहे. बाड पुन्हा म्हणायला लावी. मोबाईल तशी गरजच ठेवत नाही. ओळ सापडते, तेवढ्यात कुणाचा तरी निरोप येतो, मी तो उघडतो... आणि हरिपाठ राहतो बाजूला.

असो. तो अभंग वहीत उतरवून घेतला. नातू म्हणाला, “आबा, यात आहे की! पाठ कशाला करता?”

त्याला आईचे सांगितले. शेवटी तिची दृष्टी गेली होती. हरिपाठ मात्र रोज व्हायचा.

“बस, दोघं मिळून म्हणू,” म्हटलं. बसला बिचारा. तिसऱ्या ओळीला मोबाईल वाजला.

माझाच होता.