दिव्यांग मुलाचा हंगामी वसतिगृहवास व शासकीय लाभ

वर्षातले काही महिने निवासी शाळेत किंवा वसतिगृहात आणि उरलेले घरी राहणाऱ्या दिव्यांग मुलाच्या अनुदान, शिष्यवृत्ती व सवलतींवर या दुहेरी मुक्कामाचा होणारा परिणाम. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा व आसपासच्या गावांत हा विषय ऊसतोडीपासून वेगळा काढता येत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’) पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. चालता न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या किंवा सतत लक्ष ठेवावे लागणाऱ्या मुलाला उसाच्या फडावर नेणे धोक्याचे असते. असे मूल आजी-आजोबांपाशी राहते, नाहीतर निवासी विशेष शाळेत. समग्र शिक्षा अभियानातील हंगामी वसतिगृहांमुळे गावातच राहून शिकण्याची सोय काही मुलांना मिळते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली. तिच्यात 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे प्रस्तावित होती. मात्र सर्वसाधारण वसतिगृहात दिव्यांग मुलाला हाताशी माणूस, रॅम्प आणि वापरता येईल असे संडास-न्हाणीघर लागते. ते नसेल तर प्रवेश कागदावरच राहतो.

मुलाच्या नावावरची मुख्य रोख मदत म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना (1980). केंद्राचे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन 18 वर्षांखालील मुलांना मिळत नाही, त्यामुळे पालकामार्फत मिळणाऱ्या या राज्य अनुदानाचे मोल मोठे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व, राज्यातील 15 वर्षांचा रहिवास आणि दिव्यांगांच्या बाबतीत वार्षिक 50,000 रुपयांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न, असे निकष आहेत. दरमहा 1,000 रुपयांचे अनुदान 2023 मध्ये 1,500 झाले. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर 2025 पासून 2,500 करण्यात आले.

मूल किती रात्री घरी झोपले याचा हिशेब करून या रकमेत कपात होत नाही. ब्रिटनमध्ये नेमके तेच केले जाते. इंग्लंड व वेल्समध्ये 16 वर्षांखालील मुलांना मिळणाऱ्या ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’चा देखभालीचा भाग, सरकारी खर्चाच्या निवासी शाळेत 28 दिवस झाले की थांबतो आणि पुढे मूल घरी असेल तेवढ्याच दिवसांपुरता मिळतो; प्रवासाचा भाग मात्र चालू राहतो. आपली पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. मूल वसतिगृहात गेले म्हणून त्याची औषधे, कॅलिपर, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि पालकांच्या भेटीचा खर्च थांबत नाही.

शिष्यवृत्तीत तर वसतिगृहवासाने रक्कम वाढते. केंद्राच्या शालान्तपूर्व योजनेत नववी-दहावीच्या दिव्यांग विद्यार्थ्याला घरून ये-जा केल्यास दरमहा 500 रुपये, वसतिगृहात राहिल्यास 800 रुपये निर्वाहभत्ता आहे. तिथे पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. समग्र शिक्षातील प्रवासभत्ता व मदतनीसभत्ता रोजच्या ये-जा करण्यासाठी असल्याने वसतिगृहवासात त्यांचे प्रयोजन उरत नाही. सुट्टीला घरी येताना एसटीत 40 टक्क्यांवरील दिव्यांगास 75 टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व 65 टक्के किंवा अधिक असल्यास सोबत्यालाही 50 टक्के. अहमदनगर–आष्टी रेल्वे 23 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झाली आणि कडा हे तिच्यावरील स्थानक झाले, त्यामुळे नगरकडच्या शाळा व दवाखाने थोडे जवळ आले.

लाभ तुटतो तो कागदांपाशी. लाभार्थ्याचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते, आणि मुलाच्या आधारवरील बोटांचे ठसे व बुबुळे पाचव्या व पंधराव्या वर्षी अद्ययावत करावी लागतात. रेशनकार्डावरील प्रत्येक नावाची ई-केवायसी वेगळीच. फेब्रुवारीत आष्टीच्या तहसीलमध्ये संजय गांधी योजनेच्या टेबलासमोर आजी उभी राहते, तेव्हा तिच्या पिशवीत नातवाचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) असते. पण नातू वसतिगृहात, पासबुक आईपाशी आणि आई फडावर. त्या महिन्यात पैसे अडकले तर हंगाम सरेपर्यंत ते सोडवायला घरात कुणी नसते.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 नुसार सामाजिक सुरक्षा योजनांतील दिव्यांगांची मदत इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक हवी. वाढीव रक्कम मंजूर होऊनही मुलापर्यंत न पोचणे हा त्या तरतुदीचा भंगच मानला पाहिजे. निवासी शाळेच्या मुख्याध्यापकाने हजेरीपटावरून दिलेला दाखला हयातीचा पुरावा म्हणून तहसीलने धरावा आणि आधार अद्ययावत करण्याची शिबिरे वसतिगृहातच भरावीत. तोवर पालकांनी गाडी भरण्याआधी, दसऱ्यापूर्वीच, बँक, आधार आणि तहसील ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत आणि मुलाच्या कागदांचा एक संच वसतिगृहात, एक आजीपाशी ठेवावा.