लोह (बाजरीच्या भाकरीतले)

लोह : शरीराला किंचित लागणारे, पण त्यावाचून रक्ताचे काम अडते असे खनिज. मोठ्या माणसाच्या अंगात ते सगळे मिळून तीन-चार ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढे. त्यातले बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये असते आणि प्राणवायू अंगभर पोचवते. कमी पडले की धाप लागते, थकवा येतो; ‘अंगात रक्त नाही’ असे गावाकडे म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. पाणी पोचले तिथे ऊस, बाकी खरिपाची बाजरी. दौंडकडे केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत, आणि गुळाने रक्त वाढते ही समजूतही पक्की आहे. गुळात लोह असते, खरे. पण पंधरा ग्रॅमच्या खड्यातून मिलिग्रॅमभरही मिळत नाही. बाईला तर दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे.

भाकरी त्याहून कामाची. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण साडेसहा मिलिग्रॅम लोह असते. अडचण पुढे आहे : दाण्यातले फायटेट नावाचे द्रव्य लोह धरून ठेवते, त्यामुळे आतड्यातून थोडेच शोषले जाते. बांधावर भाकरी, कांदा, ठेच्याची शिदोरी सोडली आणि लिंबाची फोड पिळली, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारते. त्यावर लगेच कपभर चहा घेतला की कमावलेले बरेचसे गेले!

दाण्यातच लोह वाढवण्याचा प्रयत्न म्हणजे ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण. आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणातून निवड करत इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तो तयार केला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यात किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. मूळ वाणाचे पूर्वज थेट आफ्रिकेतल्या टोगोचे. लोहसमृद्ध बाजरीची परीक्षाही महाराष्ट्रातच झाली : १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींपैकी काहींना या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची भाकरी रोज देण्यात आली. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला लोह कमी असलेल्यांपैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साधी भाकरी खाणाऱ्यांच्या १.६४ पट होती.

धनशक्ती संकरित नाही. चांगली कणसे निवडून ठेवली की पुढच्या जूनला बियाणे घरचेच.