मारून मुटकून झालेला वैद्य आणि ज्ञानाची भाषा

अपात्र माणसाच्या वैद्य होण्यावरील प्रहसन वरकरणी भोंदूपणाचा उपहास करते. वस्तुतः त्याच्या केंद्रस्थानी मान्यतेचा प्रश्न असतो. वैद्य कोणाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे?

मोलिएरच्या १६६६ सालच्या प्रहसनाचे हरि नारायण आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ या नावाने रूपांतर केले. हे शीर्षकच प्रहसनाचे मर्म सांगते. मूळ नाटकातील लाकूडतोड्याला वैद्य व्हायचे नसते. बायकोने सूडापोटी केलेल्या बतावणीमुळे लोक त्याला बदडून वैद्य करतात. पुढे रोगी मुलीच्या बापाला लॅटिन येत नाही, याची खात्री पटताच तो मोडक्यातोडक्या लॅटिनचा भडिमार करतो. हृदय उजवीकडे असल्याचे त्याचे म्हणणे बापाला खटकते. परंतु ‘आता ते बदलले आहे’ अशा आशयाच्या उत्तराने त्याचे समाधान होते. श्रोत्याला न कळणारी भाषा हीच येथे वैद्याची पदवी ठरते.

२००३ सालच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ या हिंदी चित्रपटात हा क्रम उलटतो. नायकाला डॉक्टर व्हायचे असते; परंतु मान्यता आता जमावाच्या हाती नसून संस्थेच्या हाती असते. म्हणून तो प्रवेशपरीक्षेस तोतया बसवतो.

संस्था आली, तरी भाषेचा प्रश्न सुटत नाही. बीड जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९४८ पर्यंत हा मराठीभाषक जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. देशी भाषेत आधुनिक वैद्यक शिकविता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण ती भाषा बीडच्या बहुसंख्यांची नव्हती. पुढे अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, ते इंग्रजी माध्यमाचे. ज्या गावाशी परंपरा मुकुंदराजांचे नाव जोडते आणि जेथे दासोपंतांनी पासोडीवर मराठीत तत्त्वविचार लिहिला, त्याच गावी मराठी ही रोग्याची भाषा उरली. वैद्यकाची झाली नाही. २०२२ साली मध्य प्रदेशाने हिंदीतील वैद्यकीय पाठ्यपुस्तके आणल्याने हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

अशा स्थितीत ‘अपात्र’ हा व्यक्तीचा गुणधर्म राहत नाही. भाषेच्या उंबरठ्यावर अडणारा विद्यार्थी अपात्र ठरतो आणि न कळणाऱ्या शब्दांपुढे मान डोलावणारा रोगी मोलिएरच्या भाबड्या बापाच्या जागी येतो. प्रहसनातील हसू त्या बापापाशी ओसरते, कारण मुलगी त्याची असते.