शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी : एक पुनर्वाचन

गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्या एकदां वाचाव्या आणि टाकून द्याव्या, असा पुष्कळ सुशिक्षित घरांतून समज असतो. खुनी कोण हें एकदां कळलें कीं पुस्तकांतील रस संपला, मग त्याकडे पुन्हां वळावयाचें कशाला? सामान्य रहस्यकथांच्या बाबतींत हें खरेंही आहे. परंतु ज्या मालिकेचा नायक वाचकाच्या घरचाच होऊन बसलेला असतो, तिच्यांतील अगदीं आरंभीचें पुस्तक बऱ्याच वर्षांनीं हातीं घेतलें म्हणजे निराळा अनुभव येतो. पहिल्या वाचनांत वाचक खुन्याच्या मागें धांवत असतो. दुसऱ्या वाचनांत धांवण्याचें कारण उरत नाहीं, आणि वाटेंत काय काय होतें तें दिसूं लागतें. सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांची ‘ए स्टडी इन स्कार्लेट’ ही शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी ह्या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखी आहे.

तिचा जन्म कांहीं थाटामाटाचा नव्हे. १८८६ सालीं डॉइल हे पोर्ट्समथ बंदराच्या साउथसी भागांत दवाखाना थाटून बसलेले एक तरुण डॉक्टर होते. रोगी थोडे आणि वेळ पुष्कळ, अशी त्यांची स्थिति होती. एडिंबरो येथील त्यांचे गुरु डॉ. जोसेफ बेल हे रोग्याला नुसतें पाहून त्याचा धंदा व प्रवास ओळखीत; तीच विद्या त्यांनीं एका गुन्हे-शोधकाच्या अंगीं घातली. टिपणवहींत नायकाचें नांव शेरिन्फर्ड होम्स व त्याच्या मित्राचें ऑर्मंड सॅकर असें योजलेलें होतें. तीं नांवें तशींच राहतीं तर काय झालें असतें कोण जाणे! हस्तलिखित एकाहून अधिक ठिकाणांहून परत आलें. शेवटीं वॉर्ड, लॉक कंपनीनें पंचवीस पौंडांस सर्व हक्क विकत घेतले व १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’ ह्या एका शिलिंगाच्या वार्षिकांत तें छापलें. ह्या पुस्तकाबद्दल पुढें आपणांस एक पेनीही मिळाली नाहीं, असें डॉइल ह्यांनीं १९२४ सालच्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हें पुस्तक शाळेच्या वयांत वाचलें असेल, त्यांना रिकाम्या घरांतील प्रेत आणि भिंतीवर रक्तानें लिहिलेलीं अक्षरें आठवत असतील. पहिलीं तीन-चार पानें मात्र बहुधा कोणाला आठवणार नाहींत. तीं डॉ. वॉटसनच्या पूर्ववृत्ताचीं पानें आहेत, आणि दुसऱ्या वाचनांत सर्वांत अधिक तींच मनांत राहतात. १८७८ सालीं पदवी घेतलेला हा डॉक्टर लष्करांत नोकरी धरून मुंबई बंदरांत उतरतो. तोंपर्यंत अफगाणिस्तानांत दुसरें युद्ध पेटलेलें असतें व त्याची पलटण घाट ओलांडून पुढें गेलेली असते. तो कंदाहारपर्यंत जाऊन तिला गांठतो, तेथून दुसऱ्या पलटणींत जातो, आणि मैवंदच्या लढाईंत एका जेझाइलची, म्हणजे लांब नळीच्या अफगाणी बंदुकीची, गोळी त्याच्या खांद्याचें हाड फोडून जाते. मरे नांवाचा शिपाई त्याला घोड्यावर आडवा टाकून वांचवितो. मग पेशावरचें इस्पितळ, तेथें विषमज्वर, आणि शेवटीं ‘ओराँटिस’ जहाजांतून पोर्ट्समथच्या धक्क्यावर उतरलेला एक हाडांचा सांपळा. लंडनमध्यें त्याला नातलग नाहीं, मित्र नाहीं. रोजचे साडेअकरा शिलिंग मिळतात ते पुरत नाहींत. जागेचें भाडें अर्धें वांटून घेणारा कोणी हवा, एवढ्याच गरजेपोटीं तो होम्सपर्यंत पोंचतो.

हें सर्व कल्पित असलें तरी मैवंद कल्पित नव्हे. २७ जुलै १८८० रोजीं जनरल बरोज ह्यांच्या सुमारें अडीच हजार सैन्याचा अयूबखानानें तेथें पूर्ण मोड केला व नऊशेंहून अधिक माणसें पडलीं. बरोज ह्यांच्या हाताखालील फौज मुख्यतः मुंबई इलाख्याच्या सैन्यांतली होती. मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स ह्या पलटणी त्या दिवशीं उघड्या मैदानांत तोफांच्या माऱ्याखालीं होत्या, आणि मेलेल्यांत निम्म्याहून अधिक हिंदी शिपाई होते. कादंबरींत त्यांचा उल्लेखही नाहीं. तेथें ती लढाई वॉटसनच्या खांद्यापुरतीच घडते. इंग्रज लेखकानें इंग्रज वाचकांकरितां लिहिलेल्या पुस्तकांत तो असेल अशी अपेक्षा करणेंही व्यर्थ. तरीपण मुंबईंत बसून पुस्तक उघडणाऱ्यानें त्या दोन ओळींवरून घाईनें पुढें जाऊं नये.

येथें नकाशा हातीं घेणाऱ्यास एक शंकाही येईल. कंदाहारचा जखमी मनुष्य क्वेट्ट्याच्या वाटेनें सिंधकडे आणणें सरळ. तो पेशावरला कसा गेला? शिवाय मैवंदनंतर खुद्द कंदाहारलाच वेढा पडला होता व तो लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांनीं सप्टेंबरच्या १ तारखेस लढाई जिंकल्यावरच पुरता निकालांत निघाला. डॉइल ह्यांनीं भूगोलाची फारशी पर्वा केलेली दिसत नाहीं. परंतु पोर्ट्समथच्या धक्क्यावर उतरणारीं तसलीं माणसें त्यांच्या दाराशीं होतीं, आणि त्या आजारी, एकट्या मनुष्याचें चित्र मात्र खरें उतरलें आहे.

होम्स त्या मानानें अजून कच्चा आहे. वॉटसन त्याच्या ज्ञानाची यादी करतो, तींत साहित्य शून्य, तत्त्वज्ञान शून्य, ज्योतिष शून्य. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हेंही त्याच्या गांवीं नाहीं! आणि हाच गृहस्थ थोड्याच पानांनंतर संगीताविषयीं डार्विनचें मत सांगतो व नॉर्मन-नेरुदाबाईंचें व्हायोलिन ऐकण्यास जातो. यादी करणारा वॉटसन चुकला कीं त्याला फसविण्यांत होम्सला मौज वाटत होती, ह्यावर भक्तमंडळींनीं पुष्कळ काथ्याकूट केला आहे. सरळ उत्तर असें कीं, हा मनुष्य कसा आहे हें लेखकालाच अजून ठरवावयाचें होतें.

कादंबरीचा खरा दोष दुसऱ्या भागांत आहे. आरोपी हातीं लागतो न लागतो तोंच लेखक वाचकाला उचलून अमेरिकेंतील यूटाच्या वाळवंटांत नेऊन सोडतो आणि सलग पांच प्रकरणें तेथेंच ठेवतो. होम्स नाहीं, वॉटसन नाहीं, बेकर स्ट्रीट नाहीं. ब्रिगम यंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं १८४७ सालीं तेथें गेलेल्या मॉर्मन पंथीयांचें चित्र तर अन्यायाचें आहे. डॉइल ह्यांनीं तो प्रांत तेव्हां पाहिलेलाही नव्हता; ऐकीव गोष्टींवरून त्यांनीं एका सबंध समाजाला गुप्त मारेकऱ्यांची टोळी पोसणारा ठरविलें. बहुपत्नीकत्वाची चाल निंद्य होती म्हणून हा आरोप न्याय्य होत नाहीं. १९२३ सालीं डॉइल स्वतः सॉल्ट लेक सिटीला गेले, तेव्हां त्याच लोकांनीं आपलें मोठें प्रार्थनामंदिर त्यांच्या व्याख्यानाला दिलें.

हा भाग पूर्वीं कंटाळवाणा वाटला असेल तर त्याचा दोष होम्सच्या गैरहजेरीवर घालण्याची रीत आहे. ती बरोबर नाहीं. १९०१-०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हाउंड ऑफ दि बास्करव्हिल्स’मध्यें होम्स प्रकरणेंच्या प्रकरणें दिसत नाहीं, पण वाचक हूं कीं चूं करीत नाहीं, कारण तेथें सांगणारा वॉटसन आहे. यूटांत तो नाहीं. डॉइल ह्यांनाही हें उमगलें असावें. १८९० सालच्या ‘साइन ऑफ फोर’ ह्या दुसऱ्या कादंबरींत आग्र्याची जुनी हकीकत त्यांनीं एकाच प्रकरणांत बसविली, आणि तीही गुन्हेगाराच्या तोंडून, वॉटसनच्या समक्ष. तेथें वॉटसनची जखम खांद्यावरून पायावर आली आहे, पण ती चूक कोणीही पोटांत घालील. मात्र १९१४-१५ सालच्या ‘व्हॅली ऑफ फिअर’ ह्या चौथ्या व अखेरच्या कादंबरींत अर्धें पुस्तक झाल्यावर त्यांनीं वॉटसनला पुन्हां मागें सोडलें, आणि वाचकाला पुन्हां अमेरिकेंत, कोळशाच्या खाणींच्या एका खोऱ्यांत, नेऊन उभें केलें.