स्टेम (मालवाहू सायकलीचा)

स्टेम : सायकलीचे हँडल पुढच्या चिमट्याच्या नळीशी जोडणारा भाग. नळीच्या मध्यरेषेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर ही त्याची लांबी. शर्यतीच्या सायकलींत ती बहुधा ९० ते १२० मिमी. असते.

पुण्याची सायकल : सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात दूध, भाजी, वर्तमानपत्रे वाहिली ती मुख्यतः २८ इंची चाकांच्या, दांड्याच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीने. अशा जुन्या सायकली कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जवळून पाहता येतात. या सायकलीचा स्टेम आखूड, तर हँडल मागे वळलेले. त्यामुळे मुठी नळीच्याही मागे येतात. म्हणून केवळ स्टेम न मोजता नळीपासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजावे.

चालीवरील परिणाम : ६० सेंमी. रुंदीच्या सरळ हँडलला ४० ऐवजी १०० मिमी.चा स्टेम लावला, तरी तळव्यांची वळणत्रिज्या जेमतेम ४-५ टक्के वाढते. खरा फरक पडतो तो शरीराच्या भारामुळे. लांब स्टेमने स्वार पुढे झुकतो आणि पुढचे चाक थोडे दबते. मात्र मागच्या कॅरिअरवर जड ओझे असेल, तर चढावर हलके होणारे पुढचे चाक एवढ्याने सावरत नाही. तेथे ओझेच खाली आणि पुढे घ्यावे लागते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना खाली टांगलेले दुधाचे कॅन त्यामुळेच स्थिर राहतात. पिशव्या हँडलला अडकवल्या, तर लांब स्टेम त्या नळीच्या मध्यरेषेपासून दूर नेतो. मग हँडल जड होते आणि वळणात कलंडू पाहते. चालक व पुढचे चाक यांच्यामध्ये पेटी असलेल्या लांब सायकलीत चाक हँडलला जोडलेल्या दांडीने वळते. तेथे स्टेमचा संबंध मुख्यतः बैठकीशी.

बैठक : स्टेम जास्त लांब झाला, तर मनगटे आणि मान आखडतात; फार आखूड झाला, तर वळताना गुडघे हँडलला लागतात. नळी ६८ अंशांत कललेली असेल, तर हँडल तिच्यातून ३० मिमी. वर काढताच सुमारे ११ मिमी. मागेही येते. दांड्याच्या ब्रेकच्या सायकलीत त्यानंतर ब्रेकचे दांडे पुन्हा जुळवावेच लागतात.

सुरक्षितता : स्टेमवरील किमान खोलीची खूण नळीबाहेर दिसता कामा नये. बोल्ट आवळल्यावर पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. ते फिरले, तर स्टेमला नळीत धरून ठेवणारी आतली पाचर सैल आहे. अशा सायकलीवर ओझे मुळीच चढवू नये.